तुटक रेघ

गिरणाऱ्याच्या टमाटा मार्केटपाशी एसटी सोडली
तेव्हा साडेसात झाले होते. मार्गशीर्षातली थंडी,
आणि पिशवीत गावनकाशाची झेरॉक्स.

नकाशात पायवाट म्हणजे तुटक रेघ.
एकतीस वर्षं मी अशा रेघा ओढल्या,
साखळी टाकून, सोळा आणे मोजून,
खात्यानं दिलेल्या निबानं.
चाललो मात्र त्यातल्या फार थोड्या.
मोजणीदार वाट ओलांडतो, वाटेनं जात नाही.
म्हणून निवृत्तीनंतर हे एक काढलंय,
आपल्याच रेघांवरून पायी जायचं.
बायको म्हणते, वसुलीला निघालात का?

पहिला मैल द्राक्षांचा.
बायका घडांना वर्तमानपत्रं गुंडाळत होत्या.
एका घडावर निवडणूक, एकावर सोन्याचे भाव,
आणि एका निधनवार्तेतला फेटेवाला
आतल्या हिरव्या मण्यांना गाल लावून.
गट एकशे बाराच्या बांधावर तार आली होती.
रेघ तारेच्या आत गेली, मी बाहेरून वळसा घातला.
कागद माझा असला तरी कुत्रं त्यांचं होतं.

मग गहू, वीतभर. मग कांद्याची रोपं.
मग माती उथळ होत जाते
आणि चपलेखाली खडक बोलायला लागतो.
इथल्या टेकड्या अंगावर येत नाहीत,
एकीच्या कुशीतून दुसरी निघते;
चढ आहे हे गुडघ्यांना आधी कळतं,
डोळ्यांना मागाहून.
माथ्यावरून वळून पाहिलं :
कश्यपीचं पाणी, उन्हात टाकलेल्या पत्र्यासारखं.
अलीकडे नागलीची धसकटं, दोन उडव्या,
आणि पुढं सगळा उतार ऐन-सागाचा.

जंगलात शिरल्यावर रेघ हरवली.
म्हणजे कागदावर होती.
जमिनीवर घोटाभर सागाची पानं,
पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखी.
मी नकाशा उभा धरला, आडवा धरला.

"तिथं नका उभं राहू. तो वहळ आहे."
डोक्यावर खुरासणीचं गाठोडं, घाण्यावर निघालेली
चंदरी भोये, बोरखडकची.
"पावसाळ्यात तिथनं पाणी जातं. वाट ही."
आणि खरंच, तिच्या मागं वाट होती,
दोन पावलांएवढी रुंद, झाडून ठेवल्यासारखी,
कुड्याच्या झुडपांतून वर गेलेली.

तेव्हा आठवलं. एकोणनव्वदचा मे.
खाली मोहाच्या सावलीत डबा उघडलेला,
कोतवाल बसल्या जागी बोट दाखवत गेला,
मी ओढत गेलो.

ती सांगत होती, चालता चालता, मागं न बघता :
हे खोकल्याचं वळण, इथं म्हातारी माणसं थांबतात.
हा नणंदेचा दगड. सासू दवाखान्याला निघाली होती,
इथपर्यंतच पोचली. नणंद आता नाशकात नर्स आहे.
रस्ता मागायला तीनदा गेलो तालुक्याला.
साहेब म्हणतो, कागदावर वाट दाखवा.
कागदावर तर वहळ आहे.

मी हूं म्हणालो.

दगडापाशी तिनं गाठोडं उतरवलं.
"बघू तुमचा कागद."
बराच वेळ बघत राहिली,
एका रेघेवरून नख फिरवत, जणू उवा शोधतेय.
"आमची नाही यात."
"नाही."
"आणि ही? ही तर लई वळणांची दिसते."
तिचं बोट खालच्या कोपऱ्यात, माझ्या सहीवर.

मी बाटलीचं झाकण उघडलं, पाणी प्यालो.
"ती कुठं जात नाही," म्हणालो.

तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं.
मागून मी, जुन्या खोडीनं पावलं मोजत.
पुढच्या चढाला आकडा चुकला.
पहिल्यापासून धरायचा म्हणून
मी परत दगडापाशी गेलो.